पुरात गेलेली हिलमन

लेकीच्या लग्नाआधीच्या फोटोंसाठी आम्ही महाबळेश्वरला गेलो आणि तिथे एका हॉटेलच्या दारात मला माझी मेलेली गाडी भेटली.

तिला स्ट्रॉबेरीचा लाल रंग फासला होता. नंबरप्लेटच्या जागी हॉटेलचं नाव आणि टपावर प्लॅस्टिकची फुलं. ब्राह्मी, म्हणजे माझी लेक, आणि होणारे जावई तिला टेकून उभे होते आणि फोटोग्राफर मला सारखा म्हणत होता, "आंटी, फ्रेममधून बाजूला व्हा." मी बाजूला झाले नाही. काचेतून आत पाहिलं, तर डॅशबोर्डच्या मधोमध एक गोल भोक होतं आणि ते झाकायला गणपतीचं स्टिकर चिकटवलं होतं. त्या भोकातलं घड्याळ साताऱ्यात माझ्या घरी, काचेच्या कपाटात आहे.

माझे वडील जवाहर अण्णा सांगलीतले हळदीचे अडते. माधवनगरच्या एका गिरणीमालकानं नवी घेतलेली ही हिलमन, गिरणी बंद पडल्यावर अण्णांनी आणली. मागच्या सीटवर कायम हळदीचे नमुने पडलेले असायचे, त्यामुळे शाळेत आम्ही बहीणभाऊ पिवळ्या बुडाचे म्हणूनच ओळखले जायचो. पुढे माझं लग्न साताऱ्यात झालं. यथावकाश माझा धाकटा भाऊ भरतेश हक्कसोडीचे कागद घेऊन आला. आमच्याकडे बहिणीनं सही करायची आणि भावानं साडी नेसवायची, अशीच रीत. मी म्हटलं, साडी नको, हिलमन दे. अण्णा हसले आणि म्हणाले, "तुझीच की ती, गुणे." मी सही केली. घर, शेत, दुकान, सगळ्यावरचा हक्क सोडला आणि वर साऱ्या नातेवाइकांत मिरवलं की माझ्या बापानं मला गाडी दिली.

साताऱ्यात आमच्याकडे गाडी ठेवायला जागा नव्हती. ह्यांनी हौसेनं अंगणात पत्र्याची शेड मारून घेतली. ती पुरी व्हायला आणि सांगलीत पूर यायला एकच गाठ पडली.

पाणी चढलं तेव्हा अण्णांचा फोन आला. "गुणे, गाडी गेली गं," म्हणाले आणि हुंदके देऊन रडले. अण्णांना रडताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. गाडी गेली तर गेली, तुम्ही जपा, असं मीच त्यांना समजावत राहिले. रस्ते सुरू झाल्यावर मी गावभागातल्या माहेरी गेले, तेव्हा त्यांनी रुमालात बांधलेलं हे घड्याळ हातात दिलं. गाळानं माखलेलं होतं. "एवढंच हाताला लागलं," म्हणाले. बाकीची भंगारवाल्यानं नेली होती म्हणे. त्या वर्षी सांगलीत प्रत्येकाचं काही ना काही गेलं होतं आणि कुणी कुणाला उलटं विचारत नव्हतं.

हॉटेलचा मॅनेजर साईराज बिचारा भला होता. मी मागची सीट उचलायला सांगितली, त्यानं उचलली. मी सीटच्या शिवणीत नख घातलं. नखात पिवळी भुकटी आली, कोरडी, वास अजून तसाच. पुरात बुडालेल्या घरात कपाटाच्या बिजागरीतसुद्धा महिनोन्‌महिने गाळ निघतो, हे सांगलीच्या माहेरवाशिणीला कुणी शिकवायला नको. ही गाडी पुरात भिजलीच नव्हती.

"कुणाकडून घेतली?" मी विचारलं. साताऱ्यातल्या आकाराम मिस्त्रींचं नाव निघालं. माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून त्यांचं गॅरेज.

आकाराम मिस्त्रींना सगळं आठवत होतं. "व्हय, सांगलीच्या हळदवाल्याची. लय जपलेली गाडी, ताई. म्या सोता चालवत आणली."

"पुरानंतर?"

"आवं, न्हाई! उन्हाळा व्हता. पूर तवा कुठला? म्हातारं गाडीला हात लावून बसलं हुतं. मग सोता स्क्रूड्रायव्हर घिऊन घड्याळ काडलं. म्हनलं, एवडं राहू द्या, माज्या लेकीला दीन."

मला तिथेच रडू फुटलं. अण्णा बिचारे आता सांगायला नाहीत, पण भरतेशनंच त्यांना गाडी विकायला लावली असणार, असंच मला वाटलं. दुसऱ्या दिवशी सांगली गाठली ती भावाचं थोबाड रंगवायच्या तयारीनं.

भरतेशनं आधी चहा पुढे केला. मी कपाला हात लावला नाही. "माझी गाडी विकलीस आणि अण्णांना माझ्याशी खोटं बोलायला लावलंस," मी म्हणाले.

त्यानं कप अजून पुढे सरकवला. मग म्हणाला, "मी नाही, आक्का. गिऱ्हाईक अण्णांनीच शोधलं. म्हणाले, परक्याला विकली तर लोक म्हणतात विकली. जावयाच्या दारात उभी राहिली, तर येणारा-जाणारा विचारणार, जवाहरशेठची गाडी इथं कशी? लेकीनं वाटा घेतला म्हणतील."

"मला तुझीच म्हणाले होते!"

"सही व्हायची होती ना."

बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवत गेलं. भरतेश म्हणाला, "तुला कसं सांगायचं, तेच ठरत नव्हतं. मग पूर आला आणि आम्ही सुटलो."

आम्ही सुटलो. अख्खी सांगली पाण्यात होती आणि माझे बापभाऊ सुटले होते.

उठले. दारातून मागे वळले, कारण एक गोष्ट राहिली होती. "घड्याळाला गाळ कुणी लावला?"

"आक्का, जाऊ दे आता. अण्णा गेले."

"कुणी लावला?"

"अण्णांनीच. अंगणातला घेतला. मी नको म्हणत होतो."

साताऱ्याला आले ती थेट कपाटाशी गेले. घड्याळावर वाळलेल्या गाळात चार बोटांचे ठसे आहेत. बुडालेल्या गाडीत चाचपडून अण्णांनी माझ्यासाठी ते ओढून काढलं, त्याचे हे ठसे, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आले. ब्राह्मी लहानपणी पुसायला गेली, तर तिच्या हातावर फटका मारला होता. दर दसऱ्याला त्यावर फूल वाहिलं, अण्णा गेल्यावर तर त्या ठशांवर माझी बोटं ठेवून बसायचे.

नळाखाली धरलं. आधी बोटं गेली, मग गाळ गेला. काच आतून कोरडी ठणठणीत होती. ह्यांनी विचारलं, "अगं, हे काय? अण्णांची आठवण ना ती?"

"हो," मी म्हणाले, आणि घासत राहिले.