केल्विनच्या शेडमधलं गाणं

"ऐक, ऐक. पुन्हा लावलं बघ." नोलीनने माझ्या दंडाला चिमटाच काढला.

आम्ही दोघी केल्विनच्या शेडमागे, पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभ्या होतो. माझ्या हातात लॅमिंग्टन केकचा डबा होता, म्हणजे कुणी हटकलंच तर सांगायला काहीतरी कारण. पत्र्याच्या भिंतीतून गाणं येत होतं. दाढीचं गाणं! एक जाड्या आवाजाचा बाप्या नाताळबाबाच्या दाढीत काय काय अडकलंय ते सांगत सुटतो, आणि मागे ढोल न् तो भला मोठा पितळी भोंगा. माझा भाऊ केल्विन हे गाणं लागलं की भरलेली टोपली तशीच टाकून दुकानाबाहेर पडायचा. एकदा तर त्याने क्लबातल्या रेडिओची वायर उपटली होती.

तोच केल्विन आता दुपारभर हेच गाणं लावून बसत होता, आणि तेही केवढ्यांदा.

"बाई आहे," नोलीन म्हणाली. ती माझी शेजारीण, आणि अशा कामात माझा उजवा हात. "या वयात पुरुषाची आवड आपोआप बदलत नाही गं. कुणीतरी बदलवतं."

"मला काय सांगतेस? मी कधीच ओळखलंय."

नाताळचं कुठलं गाणं आवडतं आणि कुठलं डोक्यात जातं, एवढं कळलं की मला माणूस कळतो. नोलीनला घंटांची गाणी आवडतात, कारण तिला गडबड हवी असते. मला बर्फाची गाणी अजिबात खपत नाहीत. इथे मेरीवॉंगला डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा, डांबर वितळून चपलेला चिकटतं, बोलायला तोंड उघडलं की माशी आत जाते, आणि दुकानातला स्पीकर म्हणतो, बाहेर बर्फ पडतोय, या शेकोटीपाशी. कुणीतरी आपली खुशाल फसवणूक करतंय असं मला दरवर्षी वाटतं.

केल्विनचं गाणं एकच, ताऱ्याचं. ते आयव्हीचं होतं. आयव्ही त्याची बायको, आमच्या शाळेत गाणं शिकवायची. नाताळच्या आधी सगळं गाव मेणबत्त्या घेऊन पार्कात जमायचं तेव्हा ताऱ्याचं गाणं ती एकटी उचलायची, साथीला एकही वाद्य नाही. आवाज असा वर जायचा की झाडावर कलकलणारे गलाह पोपटसुद्धा गप्प बसायचे. ती गेली त्याला आता बरेच हिवाळे झाले. तिच्या आवाजाची एक कॅसेट केल्विनकडे होती, आणि डिसेंबर लागला की शेडमधून तीच ऐकू यायची. यंदा ती मला एकदाही ऐकू आली नव्हती. मला झोंबलं ते हे. आयव्ही मला भावजय कमी आणि बहीण जास्त होती, आणि तिला कुणी हळूच त्या घरातून पुसून टाकतंय हे मी बघत बसणार नव्हते.

लक्षणं तरी किती सांगू. जेवतानाही डोक्यावरची टोपी काढेना. आमच्या आईने असल्या माणसासमोरचं ताट उचललं असतं. फोन घेईना. विचारावं एक, तर उत्तर भलतंच, आणि वर खोटं खोटं हसायचा. आयुष्यभर आसपासच्या सगळ्या शेतांवरचे पाण्याचे पंप याने दुरुस्त केले. चालू पंपाशी डोळे मिटून उभा राहायचा आणि मगच पाना हातात घ्यायचा. तो आता आलेल्या गिऱ्हाइकाला शेजारच्या गावचा रस्ता दाखवत होता. माणसाने हातचं काम सोडलं की त्याचं लक्ष दुसरीकडे लागलंय हे न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नाही.

आणि सगळ्यांवर कडी म्हणजे ती निळी गाडी. दर गुरुवारी शेडपुढे उभी. रोवीना लिडिकोटची. आयव्हीच्या जागी शाळेत आलेली गाण्याची नवी बाई, नवऱ्याला सोडलेली, कानात बांगडीएवढे डूल. नोकरी आयव्हीची घेतली, आता नवराही घेते म्हणावं.

गाणं थांबलं. मग कुणीतरी जाड, ओढल्या आवाजात काहीतरी गायला लागलं आणि मध्येच बंद पडलं. जाळीचा दरवाजा वाजला, रोवीना बाहेर आली आणि रुमालाने डोळे पुसत गाडीत बसली. नोलीनने माझ्याकडे बघितलं. मी डबा तिच्या हातात कोंबला आणि सरळ आत शिरले.

केल्विन बाकावर पाठमोरा बसला होता. मी म्हटलं, "ती बाई इथे काय करत होती?"

तो वळला, दचकला, मग हसला. "हो हो, घेईन की. टाक चहा."

"चहा कुठे आला मध्येच? रोवीना इथे कशाला येते? आयव्हीच्या घरात तू हे थेर लावलेत?"

"दूध कमी घाल, ताई."

माझं डोकंच फिरलं. मी पुढे झाले आणि त्याची टोपी हिसकली. दोन्ही कानांमागे राखाडी रंगाचं काहीतरी बसवलं होतं, वालाच्या दाण्याएवढं. तिथून एक बारीक नळी कानात गेली होती. मी टोपी हातात धरून त्याच्या शेजारी बाकावर बसले.

"आता ओरडू नकोस," तो म्हणाला. "ओरडलीस की शब्द फुटतात. समोर बघून सावकाश बोल."

"कधीपासून?"

"ऐकू येणं हळूहळू जात होतं. जन्म गेला ना इंजिनांशेजारी. शहरातली डॉक्टरीण म्हणाली, या यंत्राने बोलणं थोडंफार कळेल. पण वरचे सूर गेले ते गेले." त्याने हात वर नेला आणि तिथेच बोटं उघडली. "पाखरं गेली. किटलीची शिट्टी गेली. पंपात पहिल्यांदा बिघडतो तो बारीक आवाज, तोही गेला."

मग त्याने बाकावरच्या कॅसेट प्लेअरकडे बोट दाखवलं. "डिसेंबर लागला तशी आयव्हीला लावली. नुसती खरखर. मला वाटलं, कॅसेट खराब झाली. रोवीनाला दाखवली. तिने सगळी ऐकली आणि म्हणाली, कॅसेट उत्तम आहे, केल्विन."

"मग ती दर गुरुवारी..."

"त्यासाठीच. तिच्याकडे एक यंत्र आहे, त्यात आवाज खाली आणता येतो. पट्टी उतरवत उतरवत आणली तिने. आज ऐकू आली. पण ती आयव्ही नव्हती गं. कुणीतरी पुरुष पिऊन गातोय असं वाटलं. मी म्हटलं, बंद कर. बिचारी रडायलाच लागली."

बांगडीएवढ्या डुलांबद्दल मी गावभर काय काय बोलले होते ते आठवून माझे कान तापले.

"आणि ते दाढीचं?"

"ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकू येतं. ढोल, भोंगा, सगळं. अजून तेवढं तरी शिल्लक आहे ना, ते रोज लावून बघतो." तो हसला, पण या खेपेला खरं. "बघ की. बायको गेली आणि हा जाड्या राहिला."

"मला का नाही सांगितलंस रे?"

"तुला सांगायचं म्हणजे नोलीनला, आणि नोलीनला म्हणजे सगळ्या गावाला. बहिऱ्या पंपवाल्याला कोण बोलावणार?"

"मी नाही हं सांगणार कुणाला," पत्र्याच्या मागून नोलीन म्हणाली. केल्विनला अर्थातच ते ऐकू गेलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

त्या शनिवारी संध्याकाळी पार्कात गाण्यांना यायला तो तयारच नव्हता. "तिथे बसून करू काय? सगळे तोंडं हलवणार आणि मी बघणार," म्हणाला. मी त्याला जवळजवळ ओढतच नेलं. ऊन अजून गव्हाच्या कोठारांवर होतं. घडीच्या खुर्च्या, सॉसेजचा धूर, कागदी पेल्यात उभ्या केलेल्या मेणबत्त्या, सगळं नेहमीसारखंच. घंटांचं झालं, बर्फाचं झालं. मग रोवीना मंचावर आली, तिने हात वर केला आणि ताऱ्याचं गाणं सुरू झालं.

केल्विन मान खाली घालून मेणबत्तीकडे बघत बसला. ज्याच्यासाठी तो जन्मभर इथे आला ते गाणं त्याच्या चारी बाजूंनी चाललं होतं आणि त्याच्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं. मला ते सहन होईना. आपण याला उगाच आणलं असं वाटून मला रडू फुटलं.

आयव्हीला दमा होता. या गाण्यात दर कडव्याला, दुसऱ्या ओळीच्या ऐन मध्यावर, जिथे थांबायचं काही एक कारण नाही तिथे, तिचा श्वास संपायचा आणि ती थांबून नवा घ्यायची. शाळेत तिने तसंच शिकवलं. तिच्या हाताखालून गेलेली पोरं तसंच शिकली, आणि त्यांनी आपल्या पोरांना शिकवलं. मेरीवॉंगचं सगळं गाव ताऱ्याचं गाणं चुकीचं म्हणतं. बाहेरून आलेली पाहुणेमंडळी तिथे हमखास एकटी पुढे जातात आणि ओशाळतात. आम्हाला ती चूक आहे याचीसुद्धा आठवण नसते.

रोवीनाचा हात तालात पुढे गेला. अख्खं पार्क थांबलं. म्हातारे, पोरं, खाटीक, पोस्टातली बाई, सगळ्यांचे खांदे एकदम वर उचलले गेले आणि श्वास घेऊन एकदम खाली आले. समोरच्या रांगेतल्या खांद्यांची ती हालचाल दिसली म्हणून केल्विनने मान वर केली.

त्याने माझं मनगट घट्ट धरलं. "ताई, अजून तिथेच थांबतात?"

"तिथेच," मी त्याच्याकडे तोंड करून सावकाश म्हटलं.

दुसऱ्या कडव्याला तो खुर्चीत पुढे सरकून लोकांच्या खांद्यांकडे बघत राहिला. ती जागा आली तेव्हा रोवीनाचाही हात थांबला. केल्विनने तोंड उघडलं, छाती भरून श्वास घेतला आणि सगळ्यांबरोबर सोडला. तो गायला नाही. शेवटच्या कडव्यापर्यंत त्याने फक्त त्या जागी, बायकोच्या जागी, श्वास घेतला.