मुखपृष्ठावरचा बगळा

शिशिरराव भुसारी रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाले तेव्हा पुण्याच्या मुलाने, परागने, त्यांना हातभर लेन्सचा कॅमेरा भेट दिला आणि चौबे कॉलोनीतल्या त्या घराची शांतता गेली. दोन हिवाळे त्यांनी पहाटे उठून रायपूरभोवतीची तळी पालथी घातली. पदरात पडल्या त्या फोटोच्या कोपऱ्यातून निघून जाणाऱ्या शेपट्या. शेवटी मंदाकिनीबाईंनी निकाल दिला.

"यंदा एक तरी पाखरू चोचीसकट आणा. नाहीतर संक्रांतीले नातवाच्या बोरनहाणाले जाऊ, तेव्हा कॅमेरा सुनेले, स्नेहलले देऊन टाकू. पोट्ट्याचे फोटो तरी निघतील."

शिशिरराव हिशेब करू लागले. कॅमेरा गेल्यावर पहाटे उठून करायचं काय, दुधाची पिशवी आणायची?

म्हणून ते पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या नीलेशच्या कंपूत शिरले. नीलेश समता कॉलोनीतला दातांचा डॉक्टर. गेल्या वर्षी मराठी मंडळाच्या कॅलेंडरवर त्याचा बगळा छापून आला होता, आणि तेव्हापासून तो पेशंटशीही पक्ष्यांवरच बोलायचा. त्यांचं तोंड उघडंच असल्यामुळे विरोध होत नसे. कंपूचे नियम कडक होते. कपडे मातीच्या रंगाचे, अत्तर नाही, बोलणं नाही.

कंपू जायचा ते नवा रायपूरच्या बाजूला एका नव्या वसाहतीचं तळं होतं. काठाला दोरी आणि पाटी: 'वन्य पक्षी विहार. कृपया शांति बनाए रखें.' पेटीवर जे लिहिलंय तेच पेटीत आहे असं मानण्यात शिशिररावांची सगळी नोकरी गेली होती. ते दोरीअलीकडे निमूट उभे राहिले.

धुक्यात एका पायावर बगळा उभा होता. त्याच्या मानेमागून सूर्य वर आला, तरी तो हलला नाही. शिशिररावांनी बटण दाबलं. फोटो आला आणि काय आला! मंडळाच्या अध्यक्षांनी ग्रुपवर 'तपस्या' एवढंच लिहिलं. बगळ्याची की भुसाऱ्यांची ते सांगितलं नाही. नव्या कॅलेंडरचं मुखपृष्ठ ठरलं. मंदाकिनीबाईंनी त्या दिवशी वरणावर चमचाभर तूप जास्त घातलं.

कॅलेंडर छापून आलं त्या रविवारी शिशिरराव बायकोला मोठ्या तोऱ्यात तळ्यावर घेऊन गेले. त्या थर्मासमधून चहा ओतेपर्यंत चांगलं उजाडलं. मग त्या लेन्समधून बघत राहिल्या.

"अहो, याच्या तंगडीतून सळई निघून राहिली."

शिशिररावांनी डोळा लावला. पायावरचं सिमेंट उडालं होतं आणि आतली गंजकी सळई दिसत होती. कंपू शेजारीच दोरीशी उभा होता. त्यांनी नीलेशच्या कानात सांगितलं. नीलेशने कॅमेऱ्यावरून डोळा काढला नाही.

"हळू बोला काका. मले मागच्या वर्षीच समजलं. मी डावीकडून काढला होता, तुमचा उजवीकडून आहे."

"आणि बाकीचे?"

"सगळ्यायले माहीत आहे. काढूनच राहिले ना सगळे."

तेवढ्यात निळाशार खंड्या आला आणि बगळ्याच्या डोक्यावर बसला. चोचीत मासा होता. तो मासा त्या सिमेंटच्या टाळक्यावर निवांत आपटू लागला. ऊन कोवळं होतं. दोन हिवाळ्यांत असा पक्षी त्यांच्यासमोर कधी थांबला नव्हता. बोट बटणावर गेलं. मग मनात आलं, हा फोटो दाखवला की कुणीतरी विचारणारच, भुसारी, तुमचा बगळा हे मुकाट्यानं सहन काहून करून राहिला?

"हट, हट," नीलेश टाळ्या वाजवत म्हणाला. "फ्रेम खराब करून राहिला."

शिशिररावांनीही टाळ्या वाजवल्या, नीलेशपेक्षा जोरात. खंड्या उडून गेला.

मंदाकिनीबाईंनी थर्मासचं झाकण लावलं. "तो तर खरा होता ना?" त्यांनी विचारलं. शिशिररावांना इतकी लाज वाटली की त्यांना मान वर करता येईना. संक्रांतीला त्यांनी आपण होऊनच कॅमेरा सुनेच्या हातात ठेवला.

पुढच्या महिन्यात स्नेहलचा फोन आला. "बाबा, एक फोटो धड येत नाही. हा पोरगा क्षणभर एका जागी बसत नाही."

समोर भिंतीवरच्या कॅलेंडरचं महिन्याचं पान उलटलं होतं, वरचा बगळा मात्र तसाच उभा होता.

"बसवू नको," शिशिरराव म्हणाले. "हलू दे त्याले."