झाकलेल्या हौदातलं शेवाळ

मी शेवाळ बोलतोय. नाक मुरडू नका. मला नाकच नाही, त्यामुळं माझा वास मला येत नाही. आयुष्यात सुख म्हणावं तर तेवढंच.

सोनारीपासून कोसभर अंतरावर धुळाप्पा धनगराची विहीर आहे. तिला लागून मेंढरांना पाणी पाजायचा दगडी हौद. त्याच्या भिंतीला चिकटून मी जगतो. मूळ नाही, फूल नाही, फळ नाही. कुणी पाय घसरून आपटलं, तरच माझी आठवण निघते.

मला काम एकच, ऊन खायचं. तेही धड जमत नाही. सकाळचं कवळं ऊन मी अधाशासारखं चापतो. पण चैतातली दुपार आली की माझी पळता भुई थोडी. तेवढं ऊन पचवायला गेलो, तर आतून करपून जाईन. मग जास्तीचं ऊन नुसती ऊब करून पाण्यात सोडून देतो, आणि अंगातला हिरवा रंगच कमी करतो, म्हणजे ऊन कमी धरलं जातं. फिकट, पिवळट, चोरासारखा पडून राहतो. सावली पडली की उलटं. कण कण टिपायला अंगभर हिरवा रंग चढवतो. उपाशी असलो की गडद, पोट भरलं की फिका. शेजारी निळसर-काळी बुळबुळीत चुलत भावंडं राहतात, त्यांचाही कारभार थोड्याफार फरकानं असाच उफराटा.

निजाम गेला, कचेरीवरच्या पाट्या मराठीत झाल्या, पण हौदावर राज्य धुळाप्पाचंच राहिलं. म्हातारा बोलला की संपलं. उन्हानं पाणी नासतं, असं त्याच्या बापानं सांगितलेलं. बापाला कुणी सांगितलं, हे विचारायची त्या घरात सोय नव्हती. उन्हाळा लागताच त्यानं धाकट्या सुनेकडून, तारामतीकडून, तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा, ताट्या विणून घेतला आणि हौद झाकला.

मला काय, सावली मिळाली. मी हिरवागार झालो. पाणी पालेभाजीच्या रश्शासारखं दिसायला लागलं.

"हौद घासती का नुसता हात फिरवती गं?" सासू, सखूबाई, कडाडली.

"रोज घासते, आत्याबाई. चुलीत राख उरली न्हाय."

"मग हिरवं कुठनं येतंय? तुझ्या म्हायेराहून?"

म्हाताऱ्यानं ताट्यावर गवताचा आणखी थर टाकला. मी आणखी गडद. तारामती घासून घासून दमायची, मी निर्लज्जासारखा परत उगवायचो. तिचा नवरा लिंबाजी माजलेला एडका शिंगाला धरून फिरवील असा गडी. पण बापापुढं त्याची जीभ टाळूला चिकटायची.

त्यात एक गाभण मेंढी पोट फुगून मेली. ज्वारीचे कवळे फुटवे तिनं म्हाताऱ्यापासून हातभर अंतरावर खाल्ले होते. पण राखायला गेलेला म्हातारा झाडाखाली डुलक्या काढत होता, हे कोण बोलणार? खापर हौदावर फुटलं, म्हणजे तारामतीवर. तिच्या भावाला, बिभीषणला, निरोप गेला. तो हौदावर आला तसं म्हाताऱ्यानं सुनावलं,

"पाव्हणं, घिऊन जावा बहिणीला. हिच्या हाताला गुण न्हाय."

"मामा, शेवाळापायी कुनी सून धाडतं व्हय?"

"शेवाळ न्हाय त्ये. आळस हाय हिचा."

तारामतीनं नवऱ्याकडं पाहिलं. लिंबाजी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. तिनं हौदावरचा ताट्या ओढून काढला आणि भावाच्या डोक्यावर दिला. "चल दादा. ह्यो म्या विणलाय. ह्यो बी माझ्यासंगं येतूय."

हौद उघडा पडला. ऊन धबाधबा अंगावर आलं आणि मला जे येतं तेच मी केलं : फिका पडलो. हळूहळू तळाचा दगड दिसायला लागला.

"बघा!" सखूबाईनं साऱ्या वस्तीला ऐकू जाईल असं सांगितलं, "अवदसा गेली नि पाणी सुदारलं."

म्हातारा मिशीत हसला. तारामतीच्या बाजूनं बोलणारा साक्षीदार जगात एकटा मीच होतो, आणि मीच फिका पडून तिला गुन्हेगार ठरवलं. माझ्यासारखा नालायक साक्षीदार कोर्टातही मिळायचा नाही.

पण उघडं पाणी तापलं. मेंढरं तोंड लावून माघारी फिरायला लागली. तेव्हा म्हाताऱ्यानं लिंबाजीकडून नवा ताट्या विणवून हौद पुन्हा झाकला.

आता मी हिरवा होतोय. जन्मात पहिल्यांदा मन लावून काम करतोय. सखूबाई स्वतः घासते, शिव्या देते, कमरेला हात लावून उठते. मी पुन्हा हजर. आज सकाळी लिंबाजीनं ताट्या उचलून भिंतीवरून बोट फिरवलं आणि ते हिरवं बोट बघत उभा राहिला.

"काय बघतूस रं?" मागून बापानं विचारलं.

लिंबाजी, मला तोंड नाही. माझ्यात होतं तेवढं मी करून दाखवलं. तुला तोंड आहे, पाय आहेत, बायको आहे. बोट धोतराला पुसू नकोस. बापाला दाखव, आणि सासुरवाडीची वाट धर.