खंडेनवमीचा रंग चढलेला ओळंबा

मित्रांनो, मी एक जुना ओळंबा आहे आणि माझा कोणावरही चटकन विश्वास बसत नाही. त्याला माझा इलाज नाही. मिस्तरी म्हणतो भिंत सरळ आहे, घरमालक म्हणतो भिंत सरळ आहे, आणि तरीही मला दोरीला बांधून वरून खाली सोडतात. ते कशासाठी? संशय घेण्यासाठीच ना? माझा जन्मच त्या कामासाठी झाला आहे.

हा जन्म जालन्याच्या एमआयडीसीतला. एका लेथवाल्याने लोखंडाचा उरलेला तुकडा गोल तासला, खाली टोक काढले आणि वर भोक पाडून दोरी बांधली. त्या दोरीत एक लाकडी गुटका ओवला. हा माझा जोडीदार. त्याची रुंदी आणि माझ्या पोटाची जाडी अगदी सारखी असावी लागते. गुटका भिंतीला वर टेकवायचा आणि मला खाली सोडायचे. मी भिंतीला जेमतेम शिवलो, तर भिंत सरळ. लांब लोंबकळलो किंवा भिंतीवर रेललो, तर तिच्यात खोट आहे असे समजायचे. लेथवाल्याने आम्हा दोघांना शेजारी ठेवून मोजले, तेव्हा मी त्याच्याकडेही वाकड्या नजरेने पाहिले होते. पण त्याचे माप खरे निघाले.

वडीगोद्रीच्या कडूबा मिस्तरींनी मला विकत घेतले. त्यांच्यासोबत मी पार घनसावंगीपर्यंत भिंती पाहिल्या. विटा कच्च्या आहेत का, वाळूत माती आहे का, मालक चहा पाजतोय तो कशासाठी, मला सगळ्याचीच शंका यायची. कडूबांचे माझ्यावर फार प्रेम. मी गंजू नये म्हणून दर खंडेनवमीला ते मला धुऊन पुसून पिवळा ऑइल पेंट द्यायचे, मग हळदकुंकू वाहायचे. जुन्या रंगावर नवा रंग. लोक म्हणायचे, कडूबाचा ओळंबा सोन्यासारखा चमकतो. मीही छाती फुगवून लोंबकळायचो.

कडूबांचे गुडघे गेले तेव्हा मी त्यांच्या सुनेच्या, दैवशालाच्या हाती आलो. सासऱ्याच्या हाताखाली ती विटा द्यायला लागली होती आणि बघता बघता स्वतः मिस्तरी झाली होती. पण कामे दुसऱ्याच कोणा ठेकेदाराच्या नावावर व्हायची. भिंत हिची आणि पाटीवर नाव त्याचे. गावात अंगणवाडीची नवी खोली बांधायची ठरली, तेव्हा तिने मनात घेतले, की हे काम आपल्या नावावर करायचे. त्यासाठी ठेकेदारीचे लायसन हवे होते, आणि लायसनसाठी जालन्याला प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास होणे भाग होते.

ही बातमी फुटताच राधेश्याम नावाचा एजंट दारात उभा राहिला. तो म्हणाला, "वहिनी, तिथं जायची बिलकुल गरज न्हाई. तुमची हजेरी मी बराबर लावून देतो. सर्टिफिकेट घरपोच. फक्त माझ्या चहापान्याचं बघा."

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. माणूस गरजेपेक्षा गोड बोलायला लागला, की डाळीत काहीतरी काळे असतेच. कडूबांना मात्र त्याचे पटले. त्यांना संशय होता तो प्रशिक्षणाचा. आयुष्यभर भिंती बांधणाऱ्याच्या सुनेला शाळेत कोण काय शिकवणार, असे ते दिवसभर पुटपुटत राहिले. पण दैवशालाने ऐकले नाही. न शिकता मिळालेल्या कागदावर अंगणवाडीचे छत टाकणार नाही, एवढे बोलून ती दुसऱ्या दिवशी मला पिशवीत घालून जालन्याच्या टेम्पोत बसली.

तिथे शरयू मॅडम शिकवायच्या. सिमेंटची तारीख बघा, सळई मोजा, मजुराला हेल्मेट दिल्याशिवाय वर चढवू नका. मला बाईंचा राग यायचा, कारण त्या माझ्याहून संशयी होत्या. त्यांचा पहिला नियम असा, की काम सुरू करण्याआधी आपले हत्यार तपासायचे. सगळ्यांनी आपापली हत्यारे पट्टी लावून तपासली. दैवशालाची पाळी आली तेव्हा तिने मला पदराखाली धरले.

ती म्हणाली, "मॅडम, हा मह्या सासऱ्याचा हाय. मामांच्या हत्याराला म्या पट्टी कशी लावू?"

मॅडमनी पट्टी बाजूला ठेवली, पण माझ्यावरची नजर काढली नाही. मला तो अपमान फार झोंबला.

परीक्षेच्या दिवशी प्रत्येकाने एक भिंत बांधायची होती. दैवशालाने जीव ओतून बांधली. शेवटी मला सोडून पाहिले, मी भिंतीला हळूच शिवलो. झाले, पास. मग मॅडमनी पाण्याच्या बुडबुड्याची आपली लेव्हल लावली आणि भिंत वरून पुढे झुकली आहे असे सांगितले.

दैवशालाचा चेहरा उतरला. तिला वाटले लेव्हलच खोटी. राधेश्यामच्या वाटेने न आल्याची ही शिक्षा, असेही तिच्या मनात आले असणार. माझ्या तर नक्कीच आले. मॅडमनी दुसऱ्याची लेव्हल मागवली. तिनेही तेच सांगितले. तेव्हा त्यांनी मला आणि गुटक्याला टेबलावर शेजारी ठेवले आणि वरून पट्टी सरकवली. पट्टी गुटक्यावरून आली आणि माझ्या पोटाला अडली.

मॅडमनी नखाने माझा पोपडा काढला. खाली पिवळा रंग, त्याखाली पुन्हा पिवळा. काखेत कळसा आणि गावाला वळसा, मित्रांनो! खंडेनवमीमागून खंडेनवमी माझे पोट सुटत गेले होते आणि गुटका होता तेवढाच राहिला होता. म्हणून पुढे झुकलेल्या भिंतीलाही मी शिवत होतो आणि ती सरळ वाटत होती.

"दैवशालाताई, भिंत पाडा," मॅडम म्हणाल्या. "हत्यार दुरुस्त करून आणा. पुढच्या परीक्षेला पुन्हा बसा."

घरी आल्यावर तिने मला कडूबांपुढे ठेवले. तिचे डोळे भरून आले होते. सगळे ऐकून कडूबा भडकले. त्या बाईनेच काहीतरी केले असेल, नाहीतर तिला राधेश्यामसारखे पैसे हवे असतील, असे म्हणू लागले. दैवशालाने वाद घातला नाही. तिने पट्टी आणली आणि सासऱ्याच्या हाती दिली. त्यांनी स्वतः ती गुटक्यावरून सरकवली. पट्टी अडली.

त्यांनी मला उचलून मांडीवर घेतले. मग त्यांनी ब्लेड मागितले आणि एकेक थर खरवडायला लागले. मला दुखले, मित्रांनो, पण त्याहून त्यांचा चेहरा पाहणे अवघड होते. लोखंड उघडे पडल्यावर पट्टी बिनअडथळा सरकली. तरी त्यांनी मला सुनेच्या हाती दिले नाही. ते गुडघे धरून उठले आणि स्वतः बांधलेल्या घराच्या भिंतीला त्यांनी मला लावले. मी भिंतीला शिवलो नाही. मधल्या फटीत त्यांच्या बोटाचे नख सहज गेले.

"सूनबाई, म्या प्रेमानं रंगवीत गेल्तो गं," ते म्हणाले. "जाय तू. पक्की शिकून ये. मंग पहिल्यांदा मह्याच भिंती तपास."

पुढच्या परीक्षेत दैवशाला पास झाली. तिचे लायसन आले आणि अंगणवाडीचे कामही तिलाच मिळाले. पाया भरण्याआधी कडूबांनी सगळ्यांसमोर मला पट्टी लावून पाहिले. खंडेनवमीला आता मला रंगाऐवजी तेलाचे बोट लावतात, आधी मोजतात आणि मगच कुंकू वाहतात.

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा, पण त्याआधी आमच्याकडे एकदा संशयाने बघा. नुसते प्रेम केले की आमच्यावर थर चढत जातात, आणि त्याखाली आम्ही खोटे बोलतो आहोत हे आमचे आम्हालाही कळत नाही. त्या अंगणवाडीत तुमच्याहून लहान मुले भिंतीला पाठ टेकून खाऊ खातात. त्यांना त्या भिंतीवर कधी संशय घ्यावा लागू नये, म्हणून तो आम्ही आधीच घेऊन ठेवला आहे.