मायलेकींचा फोटो

पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात गुणवंतराव नागपूरहून कॅमेरा घेऊन एटापल्लीकडच्या एका जंगलगावात आले आणि सोमारीच्या ओसरीवर आठ दिवस मुक्काम ठोकून राहिले. माडिया बाया दिवसभर काय काय करतात, याचं त्यांना पुस्तक काढायचं होतं. सोमारी पाणी आणायची, मोहफुलं वेचायची, धान कांडायची, आणि राव फोटो काढायचे. कांडताना दुसरं मुसळ लेकीच्या, मंगलीच्या हातात असायचं. पण मंगलीच्या अंगात बाजारातलं फुलाफुलांचं पोलकं, म्हणून राव तिला बाजूला सारत. पोलक्यानं म्हणे जंगल खोटं दिसतं. जंगलाची एवढी काळजी वाघालाही नसेल!

सोमारीनं एकच मागणं मागितलं. मंगली लग्न होऊन नदीपार जाणार होती, त्याआधी मायलेकींचा एक फोटो काढा. दोघी केसांना तेल लावून, माळा घालून बसल्या. कॅमेऱ्याची पेटी खटकन वाजली. निघाला म्हणून रावांनी सांगितलं. सोमारीला तेव्हाच पेटी उघडून बघायची होती. आत उजेड शिरला तर काढलेलं सगळं जातं, असं त्यांनी समजावलं. तिनं ते मानलं आणि निघताना त्यांना मध बांधून दिला.

पुढच्या पावसाळ्यात मंगली पहिल्या बाळंतपणातच गेली. सोमारी रडरड रडली, पण लेक फोटोत आहे एवढा आधार तिनं धरून ठेवला होता.

सत्तावन्नला राव छापील पुस्तक घेऊन परतले. आता दुसरं काढायचं होतं. सोमारीनं सगळी पानं दोनदा उलटली. सगळीकडे ती एकटीच.

"मंगली कुठी हाय, भाऊ?"

राव ओशाळले असते तरी बरं झालं असतं. फिलम महाग, तेव्हा हौसेच्या फोटोला रिकामीच पेटी वाजवायची, असं त्यांनी हसत सांगून टाकलं. "तुमचं मन राखलं, बाई."

खाल्ल्या घरचे वासे मोजणारा परवडला, निदान वासे जागेवर राहतात. सोमारीचं काळीज फाटलं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळभर तिनं त्यांना हवे तसे फोटो काढू दिले. दुपारी राव जेवायला बसले, तेव्हा तिनं पेटी उचलली आणि अंगणात उन्हात जाऊन उभी राहिली. पेटी उघडायची कळ कुठली, ते राव फिलम बदलताना तिनं कितीदा तरी पाहिलं होतं.

"उघडू नका बाई, सकाळपासूनचं सगळं जाईल," राव भरल्या हातानं उठले.

"माहं तं गेलंच ना, भाऊ. आत फिलम हाय का नाई, तेवढं पाहून राह्यली मी."

तिनं कळ दाबली. या वेळी पेटीत फिलम होती.