हात वर केला म्हणजे

दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडं ठेवलेला माणूस हात वर करतो तेव्हा त्याला 'थांबा, दुखतंय' म्हणायचं असतं, हे शेंबडं पोरही सांगेल. आमचे डॉक्टर मात्र आजवर त्याचा अर्थ 'चालू द्या' असाच लावत आले होते.

त्या दुपारी ते सपत्नीक लेकीच्या होणाऱ्या सासरी पहिल्यांदाच जेवायला निघाले होते. पुढे अख्खा रस्ता अडवून कापणीचं यंत्र चाललेलं. आकार घराएवढा, वेगही साधारण घराचाच.

"व्याही ताटावर ताटकळत बसतील," डॉक्टर हॉर्न दाबत म्हणाले.

"बसू देत. त्यांना व्याही हवेत, व्याह्यांचा हार घातलेला फोटो नको."

"आणि तू सारखा ब्रेक काय दाबतेस? तुझ्या पायाखाली ब्रेक नाहीये!"

"मग थांबवा गाडी. मी मागेच बसते."

ती खरंच उतरली आणि दार आपटून डॉक्टरांच्या पाठीमागे जाऊन बसली. डॉक्टरांनी रागाच्या भरात यंत्राला पुन्हा गाठलं. तेवढ्यात केबिनमधून एक हात बाहेर आला आणि वरखाली हलू लागला.

"बघ, साइड दिली!"

"अहो, तो थांबा म्हणतोय!"

"हाताची भाषा मला शिकवू नकोस."

त्यांनी गाडी बाजूने पुढे काढली. नेमकं तेव्हाच यंत्र त्याच बाजूच्या शेताकडे वळलं. पत्रा फाटल्याचा आवाज ड्रिलपेक्षा फार वेगळा नसतो. आज तो बाहेरून आत येत होता, एवढंच.

सगळं थांबलं तेव्हा डॉक्टरांच्या शेजारी सीट उरली नव्हती. तिथे यंत्राचे पोलादी दाते होते.

चालक धावत आला. "वळतोय म्हणून हात करत होतो हो! थांबा म्हणत होतो!" त्याने आत पाहिलं आणि मटकन खालीच बसला. "पुढे बाई होत्या ना? मला आरशात दिसल्या होत्या..."

हे ऐकून डॉक्टर मघाशी आपटलेलं दारही विसरले आणि त्या दात्यांखाली चाचपू लागले. हाताला पर्स लागली. पर्सच्या पलीकडे काही लागेना. ते चाचपतच राहिले.

"अहो," मागून आवाज आला. "मी इथे आहे."

डॉक्टर वळले. तोंड उघडंच. एक हात तेवढा वर गेला.

"कळलं हो," ती म्हणाली. "थांबलोय आपण."