खालच्या मजल्यावरचा सोफा

अक्षराने सोफा आणला त्या दिवशी मी मुद्दाम दाराकडे पाठ करून मेथी निवडत बसले. तरी सगळं दिसलंच. राखाडी रंगाचा, एल आकाराचा, आमच्या पलंगापेक्षा लांब. चार गडी जिन्यात अडकले, भिंतीचा रंग खरवडला, आणि वरून अक्षरा ओरडत होती, "सांभाळून हो, नवीन आहे!" नवीन आहे हे साऱ्या गल्लीला कळावं, एवढ्याचसाठी ते ओरडणं होतं.

अक्षरा माझी धाकटी जाऊ, मला अक्का म्हणते. लातुरात आमचं घर दुमजली, वर ते, खाली आम्ही. चुली वेगळ्या झाल्या तेव्हा भांडी वाटली, कपाटं वाटली, पण सासूबाईंना कोणी वाटलं नाही. त्या आपणहून म्हणाल्या, "मी जगूकडंच ऱ्हाते." जगू म्हणजे मी, जगदेवी. माझ्याजवळ मिरवण्यासारखं एवढंच होतं, आणि ते मी मनातल्या मनात रोज मिरवत होते. दुपारची जेवणं झाली की सासूबाई, आमच्या अव्वा, प्लास्टिकच्या खुर्चीत बसायच्या, मी खाली शेंगा फोडत बसायची, आणि त्यांच्या भालकीच्या माहेराच्या गोष्टी चालायच्या. अक्षराला त्यातलं अक्षरसुद्धा ठाऊक नव्हतं.

सोफा आल्यावर आठवडाही झाला नसेल, अव्वा जेवून उठल्या आणि कठड्याला धरून जिना चढू लागल्या. गुडघे दुखतात म्हणून ज्या देवघरातसुद्धा स्टुलावर बसतात, त्या!

संध्याकाळी मी विचारलं, "अव्वा, जिना कसा काय चढलात?"

"हळूहळू चढले की. आगं, त्या सोफ्याची ती लांब बाजू हाय न्हाई, तिच्यावर पाय पसरलं की गुडघा बोलतच न्हाई बघ. लई बेस हाय."

दुसऱ्या दिवशीही गेल्या. तिसऱ्याही. वरून हसण्याचा आवाज यायचा आणि मी खाली एकटी शेंगा फोडायची. माझा नुसता जळफळाट होत होता. कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीवरून? ज्याची सासू वर जाऊन हसते त्यालाच ते कळतं.

"आपल्याला सोफा घ्यायचाय," मी यांना सांगितलं.

यांचं, मल्लिनाथरावांचं, डाळीचं दुकान. डाळ सोडून दुसऱ्या कशाची त्यांना घाई नसते. "खुर्च्या हायत की," म्हणाले. पण माझा चेहरा बघून रविवारी गाडी काढली.

लातुरातली सगळी दुकानं पालथी घातली. जिथे जावं तिथे अक्षराच्याच सोफ्याची भावंडं. राखाडी, निळी, चॉकलेटी, पण घाट तोच. बसलं की माणूस कमरेपर्यंत आत. आणि तसलाच घेतला तर अक्षरा बहिणीला फोन करून सांगणार, अक्कांनी माझं बघून घेतला. ते मला मेले तरी चाललं नसतं.

मग यांना नांदेडचे एक ओळखीचे व्यापारी आठवले. वजिराबादेतलं घर विकून मुलाकडे हैदराबादला चालले होते आणि जुनं सामान काढत होते. तिथे तो सोफा दिसला. अस्सल सागवानी, त्यांच्या वडिलांच्या वेळचा. हातांवर वेलबुट्टी, बैठक वेताची. मी आधी बसून पाहिलं, मग अव्वांसारखी, गुडघा धरून, बसून पाहिलं. बैठक उंच होती. हाताला धरलं की आपलं आपण उठता येत होतं. अक्षराच्या सोफ्यातून उठताना अव्वांना कोणीतरी ओढून काढावं लागतं, हे मला ठाऊक होतं.

"हाच," मी म्हणाले.

पॉलिश करून घेतलं, कापसाची गादी भरून घेतली, आणि सोफा घरात आला. अव्वा देवघरातून बाहेर आल्या आणि तिथेच थांबल्या.

"आगं बया," त्या म्हणाल्या, "माझ्या अप्पाच्या वसरीत असाच होता की गं!"

हातावरच्या वेलीवरून त्यांनी बोट फिरवलं. बसल्या. आपल्या आपण उठल्या. पुन्हा बसल्या, लहान पोरीसारख्या. त्या दुपारी जिना कोणी चढलं नाही. पुढे कितीतरी दिवस नाही. माझी दुपार मला परत मिळाली होती. मी तिथेच थांबायला हवं होतं.

पण अक्षरा जळली नाही ना! एक दिवस खाली आली, सोफ्यावर बसली, म्हणाली, "मस्त आहे हो अक्का. जुन्याची मजा वेगळीच." मग नक्षीत नख घालून, "धूळ मात्र फार बसत असेल, नाही?" आणि गेली. ते नख मला दोन दिवस टोचत राहिलं.

श्रावणात आमच्याकडे मठाचे स्वामी येतात. त्यांची पाद्यपूजा होते, सगळी भावकी जमते. इतकी वर्षं ती खालीच व्हायची. यंदा अक्षरा म्हणाली, "वर ठेवू या का? सोफा मोठा आहे, बायकांना बसायला बरं."

"काही नको," मी म्हणाले, "खालीच होईल." आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात शिरलं ते शिरलं.

पूजेच्या दिवशी, सोमवारी सकाळी, हे माळ्यावरून चौरंग काढायला निघाले. स्वामी दरवर्षी त्यावरच बसतात. मी म्हटलं, "चौरंग कशाला? एवढा सोफा आहे ना!" अव्वा तेव्हा अंघोळीला गेल्या होत्या. त्या बाहेर आल्या तेव्हा स्वामी सोफ्यावर बसलेले होते. अव्वा काहीतरी बोलणार होत्या, पण स्वामींना पाहून त्यांनी हात जोडले.

मी ताटात स्वामींचे पाय धुतले, विभूती लावली, बेल वाहिला. हात स्वामींच्या पायांवर होते आणि डोळे जावेच्या तोंडावर. ती बायकांत जमिनीवर बसली होती. स्वामी म्हणाले, "आसन छान आहे." भावकीतल्या बायका माना डोलावू लागल्या, अक्षरासुद्धा. माझं पोट तीर्थानेच भरलं.

माणसं गेली. भांडी आवरून मी सोफ्यावर धुतलेली चादर घातली आणि म्हणाले, "बसा अव्वा, दमला असाल."

"कुठं बसू?"

"सोफ्यावर."

अव्वांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना देव्हाऱ्यात बसायला सांगितलं होतं. "गुरू बसलेत की गं त्याच्यावर. पूजा केलीस तू. आता त्याच्यावर आपण बूड टेकवायचं व्हय?"

"अव्वा, स्वामी गाडीत बसतात, त्या सीटवर दुसरं कोणी बसतच नाही का?"

"गाडीत पाद्यपूजा करतेत का?"

मी यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "अव्वाचं बराबर हाय. म्हणून तर चौरंग काढायलो होतो." हे त्यांना आता सुचलं! आपलीच मोरी आणि मुतायची चोरी, अशी गत झाली.

मी हार मानली नाही. स्वामींना फोन लावला. ते हसले, म्हणाले, "असं काही नाही माय. म्हातारीला खुशाल बसू दे." फोन मी अव्वांच्या कानाला लावला. त्यांनी फोनलाच नमस्कार केला आणि मला म्हणाल्या, "ते मोठे हायत, ते तसंच म्हणणार. आपल्याला समजाया पायजे."

आता रोज सकाळी त्या सोफ्यावर एक फूल ठेवतात, हाताच्या वेलीवर कपाळ टेकवतात आणि जेवण झालं की कठडा धरून वर जातात. मी प्लास्टिकची खुर्ची पुन्हा मांडून पाहिली. "आता वरचीच सवय लागली बघ," म्हणाल्या. चुकूनही टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मी भांडले तरी असते.

काल दुपारी अक्षरा विरजण मागायला खाली आली. वाटी हातात घेतली तरी दारात घुटमळली. तिचे डोळे ओलसर दिसत होते.

"अक्का, तुम्हाला तर ठाऊकच असेल," ती म्हणाली, "अव्वांना शाळेत घातलं नव्हतं ना, तर त्यांचे अप्पा रोज रात्री दुकान बंद करून त्यांना त्या वसरीतल्या सोफ्यावर बसवायचे आणि शिकवायचे. त्याच्या लाकडी हातावर खडूने अक्षरं गिरवली म्हणे. आज सांगताना रडल्या हो."

मला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांच्या दुपारींत ही गोष्ट अव्वांनी मला कधी सांगितली नव्हती.

"हो," मी म्हणाले, "मला कधीच सांगितलंय त्यांनी."